एका शून्यापायी

परवा रात्री जेवून जरा मोबाईल हातात घेतला तोच आमचं सहावीतलं कन्यारत्न गणिताची वही घेऊन हजर. "पप्पा, नैसर्गिक संख्या आणि पूर्ण संख्या, फरक काय?" म्हटलं अगं सोप्पंय, 1, 2, 3 मोजत जायचं त्या नैसर्गिक, आणि त्यांच्या आधी एक शून्य आणून बसवलं की झाल्या पूर्ण. संपलं! पण आजकालची पोरं एवढ्यावर सोडतात होय.

"पण मग शून्य नैसर्गिक का नाही?"

आली का पंचाईत. नजर गेली स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. आमच्याकडे फोंड्याला सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों करत येतो आणि आई रोजचे पाव, आमचे ते गोल गोल उंडे, तारखेच्या चौकटीत लिहून ठेवते. म्हटलं, हे बघ, टोपलीतून पाव काढताना पोदेर कधी 'शून्य, एक, दोन' म्हणतो? एकपासूनच मोजतो ना, म्हणून त्या नैसर्गिक. आणि आपण झोपून राहिलो नि तो हॉर्न वाजवून निघून गेला, त्या दिवशी पाव किती? शून्य! तेसुद्धा उत्तरच, त्यासाठी पूर्ण संख्या.

आतून आईचा आवाज, "शून्यबिन्य मी काय लिहीत नाही हां, चौकट रिकामी सोडते."

घरातच फितुरी. तसं तिचंही चुकत नाही म्हणा, शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे रीतसर नियम लिहायला ब्रह्मगुप्ताला 628 साल उजाडलं, आणि तो इटलीचा गणिती पेआनो, त्याने 1889 मध्ये नैसर्गिक संख्या 1 पासून सुरू केल्या आणि पुढे स्वतःच शून्यावर आला. हे मी बोलून बसलो ती चूक झाली. "म्हणजे आमची टीचर चुकीचं शिकवते?" नाही गं बाय, परीक्षेत टीचर सांगेल तेच लिही!

"मग पूर्ण संख्या नैसर्गिकपेक्षा एकाने जास्त ना?"

"अर्थात," मी म्हणालो आणि जीभ चावली. कारण अनंताचं गणित मांडणाऱ्या कॅन्टरच्या हिशोबाने दोन्ही सारख्याच भरतात. आता हे कसं सांगायचं? म्हटलं, देवळातल्या महाप्रसादाची पंगत आठव. समज पंगत कधी संपतच नाही, पानंही मोजता येत नाहीत इतकी, आणि सगळी भरलेली. उशिरा शून्य आलं. 'सरका सरका' झालं, एक नंबरवाला दोनच्या पानावर, दोनवाला तीनच्या, आणि शून्य बसलं पहिल्या पानावर. पान एकही वाढवलं नाही, उपाशी कोणी राहिलं नाही!

"पण शेवटच्याने कुठे बसायचं?"

शेवटचा नसतोच बाय, सांगता सांगता अकरा वाजले.

सकाळी अर्थातच जाग आली नाही, पोदेर गेला. पोरीने आठवणीने त्या तारखेवर पेनाने भलंमोठं शून्य काढलं. महिन्याच्या शेवटी आई हिशोबाला बसली, चष्मा सरसावून बघितलं आणि मला विचारते कशी, "ह्या दिवशी एकच उंडो घेतला होता रे?"