मेटाडंप फेल गेला म्हणून 'मायनस एल' मारायचा नसतो

काल रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. सदाशिव पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ आहे, दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि 4 टीबीची एक्सएफएसवाली (एक्सएफएस म्हणजे लिनक्सवर डिस्कवरच्या फाइली मांडायची एक पद्धत) डिस्क माउंटच होईना, म्हणजे उघडेचना (लिनक्सचं मशीन मीच लावून दिलंय, म्हणजे शिव्या मलाच). "दादा, मायनस एल मारू ना?" (म्हणजे रिपेअर कमांडला -L जोडून लॉग उडवायचा.) म्हटलं हात लावू नकोस, कुणी सांगितलं? तर तोच फिरणारा फॉरवर्ड (त्यातला मेटाडंप म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीची नक्कल): "मेटाडंप फेल म्हणजे डिस्क मेली. लगेच एक्सएफएस रिपेअर मायनस एल मारा, 5 मिनिटांत डेटा परत. डंप निघाला तर बॅकअप झालाच समजा. नाहीच जमलं तर डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा." म्हणजे मेलेली डिस्क 5 मिनिटांत उठून बसणार. असो.

डंप फेल म्हणजे डिस्क मेली? काहीही. भावाने डंप काढला होता पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह फॅट32, त्यावर 4 जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. याच्या डिस्कवर थंबनेलच्याच लाखो फाइली, त्यात लॉग (बदलांची कच्ची नोंद) जवळपास 2 जीबीचा, डंप बरोब्बर 4 जीबीला अडकला. यात डिस्कचा काय दोष? कधी एक्सएफएसप्रॉग्जच (एक्सएफएसची टूल्स) जुनं असतं आणि नवीन फीचर बघून हात वर करतं. आणि एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता नाही आला तर मेटाडंप तो सोडून पुढेच जातो, तिथे थांबायला हवं असेल तर मायनस ई हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. हां, एवढं मान्य की डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या कर्नलचे मेसेज) आय-ओ एररची, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या चुकांची, रांग लागलीये आणि स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद) पेंडिंग, म्हणजे नीट वाचता न येणारे, सेक्टर वाढतायत तर डिस्क खरंच चाललीये. पण मग तर तिच्यावर रिपेअर चालवणं आणखीच मूर्खपणा, आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं उतरवून घेणारं टूल) दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा.

आता तो मायनस एल. डोकं फिरतं ते इथे. लॉग म्हणजे वाण्याची कच्ची वही, दिवसभराची उधारी आधी तिथे, मग खात्यावर. लाइट गेली तेव्हा काही नोंदी खात्यावर चढायच्या राहिल्या, नॉर्मल माउंट केलं की एक्सएफएस त्या वहीवरून स्वतः चढवतं. मायनस एल म्हणजे वही फाडून चुलीत घालायची आणि वर म्हणायचं आता हिशोब जुळवा. हे मी नाही म्हणत, साधा रिपेअर चालवला की तोच अडवून सांगतो: लॉगमध्ये मोलाचे बदल आहेत, आधी माउंट करून बघा, लॉग उडवलात तर करप्शन होऊ शकतं. फॉरवर्डवाल्याने तो मेसेज अर्धाच वाचलाय, नाव दिसलं मायनस एल, मारलं. नंतर अनाथ फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या आयनोड नंबरच्या (फाइलच्या आतल्या क्रमांकाच्या) नावाने पडतात, शोधत बसा हळद कुठली आणि रिसेप्शन कुठलं. वेळ आलीच तर मारावा लागतो, पण कॉपीवर. त्याआधी डंप एमडीरिस्टोर या टूलने इमेजमध्ये (डिस्कसारख्या वागणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून रिपेअर तिथे चालवून बघा, काय काय तुटेल ते कळतं, डंप काढायचा तो त्यासाठीच.

बॅकअप? मेटाडंपमध्ये फोटोचा एक बाइट नसतो. बहुतेक फाइलींची नावंसुद्धा तो मुद्दाम बिघडवून ठेवतो, मायनस ओ हा पर्याय दिला नाही तर.

फ्रीझर. पुण्याच्या पावसाळ्यात गार डिस्क बाहेर काढली की तिला घाम फुटतो, पुढचं बोलत नाही.

रात्रीच कोथरूडहून माझी रिकामी 6 टीबीची डिस्क घेऊन गेलो. डंप एक्सट4 वर (लिनक्सचीच दुसरी पद्धत, तिथे 4 जीबीची अडचण नाही) काढला, गपचूप निघाला. स्मार्ट स्वच्छ, तरी माउंट, रिपेअर जे काय करायचं ते कॉपीवरच. आत्ता सकाळचे दहा, डीडीरेस्क्यू 78 टक्क्यांवर आहे, आणि मावशीने फॅमिली ग्रुपवर तोच फ्रीझरवाला मेसेज परत टाकलाय, खाली हात जोडलेले तीन इमोजी.