आधी फेऱ्या किती ते ठरवा

मुष्टियोद्धे मुहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर, या तुमच्या लेखात १९८८ चा टायसन अलीला सहाव्या फेरीत झोपवतो असं लिहिलंय. मला हे पटत नाही. सोलापुरात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर जुन्या-नव्या पैलवानांच्या अशा जोड्या कायम लागतात, आणि तिथं पहिला प्रश्न असतो: कुस्ती निकाली (चितपट होईपर्यंत) की गुणांवर? इथंही तोच विचारायला हवा. अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असायची. टायसन १२ च्या पुढं कधी खेळलाच नाही.

दुसरं, कुठला अली? १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा, की साडेतीन वर्षांच्या बंदीनंतरचा? पायांची चपळाई त्या पहिल्या अलीकडे होती. बुटका, अंगावर येणारा, डाव्या हूकचा (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशाचा) जो फ्रेझियर १९७१ मध्ये त्याला भारी पडला हे खरंय, म्हणून टायसनला पहिल्या चार फेऱ्या मी देतो. पण १९९० साली टोकियोत उंच बस्टर डग्लसनं जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) जोरावर टायसनला कसं अडवत नेलं आणि दहाव्या फेरीत पाडलं, ते बघा. अलीचा जॅब त्याहून कितीतरी वेगवान! माझा निकाल: अली, अकरावी फेरी.

जुना जगज्जेता रॉकी मार्सियानो, त्याच्यावरही लिहा ना, साहेब.