ज्वालामुखीच्या आड किती लपणार?

'एक ज्वालामुखी फुटला की माणसाने आजवर सोडला नसेल इतका कार्बन हवेत जातो. हवामान कायमच बदलत आलंय. भूकंप माणसाच्या आधीपासून होतात. निसर्गापुढे क्षुल्लक असलेल्या माणसाला दोष देणं हा निव्वळ अहंकार.' पृथ्वी तापण्यात आणि आपत्तींत माणसाचा दोष नाही, असं सांगणारा हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्यात थोडं खरंही आहे, म्हणून तो चटकन पटतो.

आधी ज्वालामुखी, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला एक अब्ज टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून ३५ अब्ज टनांहून जास्त सोडतो. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, तेव्हा त्याच्या गंधकाच्या कणांनी पृथ्वी वर्ष-दोन वर्षं उलट अर्ध्या अंशाने गारच केली. गंमत म्हणजे पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून सलग मोजला जातोय तो हवाईतल्या मौना लोआवर, एका जिवंत ज्वालामुखीच्याच अंगावर! तेव्हा दर दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. तो आला कुठून, हेही कळतं. कोळसा-तेल मुळात सजीवांपासून बनलेलं, त्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचाच जरा जड प्रकार, कमी असतो. ज्वालामुखीच्या वायूत तितका कमी नसतो. आणि हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घटत चाललंय, म्हणजे भर पडतेय ती कोळसा-तेलाचीच.

हवामान पूर्वीही बदललं, कबूल. पण हिमयुग संपताना पाच-सहा अंश वाढायला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढ झाली. सूर्याकडे बोट दाखवावं, तर वातावरणाचा वरचा थर थंड होतोय. सूर्य कारण असता तर तोही तापला असता.

भूकंपाबाबत मात्र मजकूर लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. भूपट्ट आपल्याला विचारून सरकत नाहीत, आणि प्रत्येक भूकंपानंतर 'माणसाच्या पापाची फळं' म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच वैताग येतो. पण धक्का वेगळा, आपत्ती वेगळी. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला, फेब्रुवारीत चिलीत ८.८ चा, म्हणजे जवळपास ५०० पट ऊर्जेचा. हैतीत लाखाहून जास्त माणसं गेली, चिलीत पाचशेच्या आसपास. हैतीचा धक्का उथळ होता आणि राजधानीला खेटून बसला, हे खरं. तेवढ्याने ही तफावत भरून निघत नाही. चिलीने १९६० च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळलेही. हैतीत असे नियम अमलातच नव्हते. स्लॅब माणसांवर कोसळले.

'क्षुल्लक माणूस' म्हणाल, तर फ्रिज आणि स्प्रेमधल्या रसायनांनी त्यानेच ओझोनच्या थराला भोक पाडलं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ती रसायनं बंद होत गेली आणि थर हळूहळू सावरतोय.

एक खरा आक्षेप मात्र या मजकुराला सुचलाच नाही: 'माणूस' या सरसकट शब्दावरचा. औद्योगिक क्रांतीपासून इंधन जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. हैतीचा वाटा शोधायला दशांश चिन्हानंतर बरंच पुढे जावं लागतं.