व्हिनेगर-सोड्याच्या त्या फॉरवर्डबद्दल, एकदाच काय ते

तो फॉरवर्ड आठवड्याभरात मला तीन ग्रुपवर आला, शेवटचा तर आत्याने पाठवला, जिच्याकडे एस्प्रेसो मशीन नाहीच, केटल आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: टाकीत अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर, वर दोन चमचे खायचा सोडा, सगळं मशीनमधून फिरवा, मशीन आतून नवीकोरी, खोलायची गरजच नाही. आरओचं पाणी वापरत असाल तर एवढंही नको. रबर कडक झालं तर खोबरेल लावा. बॅकफ्लश करा (म्हणजे भोक नसलेली बास्केट लावून पंप चालवायचा, की पाणी उलटं फिरतं), सगळ्या मशीनला चालतो. शेवटी हात जोडलेले इमोजी.

आधी सोडा. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, एकत्र केले की फसफसतं आणि त्या फेसालाच लोक सफाई समजतात. गॅस उडून जातो, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी आणि उरलंसुरलं व्हिनेगर. सोडा संपला आणि व्हिनेगरचा जोरही उलट त्यानेच कमी केला.

मुळात घोळ असा आहे की मशीनमध्ये घाण दोन जातीची असते. पाणी जिथे तापतं तिथे क्षार, म्हणजे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर चढतो तोच पांढरा थर, तो आम्लाने सुटतो. आणि कॉफी जिथे लागते तिथे तेल, काळं, चिकट, ते आम्लाला दाद देत नाही, त्याला अल्कलीच लागते. तेलकट कढई कोणी व्हिनेगरने घासतं का?

हे तेल बसतं शॉवर स्क्रीनच्या मागे, म्हणजे हँडल जिथे अडकवतो तिथे वर जी जाळी दिसते तिच्या मागे. ‘खोलायची गरज नाही’ म्हणणाऱ्याने ती कधी काढलेलीच नाही. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये ती फक्त एका स्क्रूवर असते, मशीनचा वरचा डबा उघडावा लागत नाही. मी मशीन घेतल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदा काढली आणि जो वास आला ना, खवट खोबऱ्याचा, त्यानंतर आपण रोज काय पीत होतो हा विचार दोन दिवस डोक्यातून गेला नाही. प्लग काढायचा, मशीन पूर्ण गार होऊ द्यायची, टाकी आणि ट्रे रिकामे करून मशीन पाठीवर आडवी करायची (नाहीतर खालून स्क्रू-ड्रायव्हर शिरतच नाही), जाळी काढायची, वरची प्लेट काढायची, रबराची खाच जुन्या टूथब्रशने खरवडायची. स्टीलची जाळी आणि बास्केट (हँडलमधली कॉफी भरायची चाळणी) गरम पाण्यात कॉफी मशीनची क्लीनिंग पावडर टाकून वीसेक मिनिटं. पाण्याचा रंग बघा, चहाच. फक्त प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर त्यात टाकू नका. मी रात्रभर ठेवली आणि सकाळी ती काळीठिक्कर, आईने धुण्याच्या सोड्यात ठेवलेल्या पातेल्यासारखी.

व्हिनेगर क्षारावर चालतं, खोटं नाही. पण वास जाता जात नाही, आणि गाजिया क्लासिकच्या जुन्या मॉडेलांसारखा ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर आम्ल धातूही खातं, म्हणून कुठलंही आम्ल आत मुरत ठेवायचं नाही. मॅन्युअल चालू देत असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत घ्या, लिटरला वीसेक ग्रॅम, कोमट पाण्यात, उकळत्या नाही, कारण गरम झालं की त्याचाच कॅल्शियमबरोबर साका बसू शकतो. पंधरा मिनिटं, मग दोन टाक्या साधं पाणी.

आरओचं म्हणणं अर्धं खरं. क्षार कमी होतो, पण तेल बियांमधून येतं, पाण्यातून नाही. शिवाय ज्या बॉयलरला पातळी मोजायची सळई असते ती पाण्यातल्या क्षारांच्या जोरावरच चालते, पाणी फारच शुद्ध असेल तर भरलेला बॉयलर तिला रिकामा वाटतो आणि पंप भरतच राहतो.

खोबरेल तर नकोच. रबर उष्णतेने कडक होतं, तेलाने ते परत मऊ होत नाही, आणि मशीनमध्ये बऱ्याचदा असणारं ईपीडीएम रबर तेलाने फुगतं. हँडल पूर्वीपेक्षा जास्त फिरायला लागलं, कडेने पाणी ओघळायला लागलं, की सरळ नवी गॅस्केट, म्हणजे ती रबराची रिंगच बदलायची.

राहिला बॅकफ्लश. तो फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे कॉफी झाल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, असलेल्या मशीनला. ओळखायचं कसं, तर शॉट, म्हणजे कॉफी काढणं, बंद केल्यावर वेगळ्या नळीतून ट्रेमध्ये फुस्स करून पाणी पडतं का बघा. पडत नसेल तर भोक नसलेली बास्केट लावून पंपाला नुसतं कोंडाल, आणि आतला दाब हँडल काढताना अंगावर येईल.

आत्याला एवढंच कळवलं की लिंबूसत केटललाही चालतं, सोडा घालू नकोस.