दोन लेव्हल चिकटल्या म्हणून सरळ होत नाहीत, मान्य (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. माझ्या जॉइंटरवरच्या लेखाला आलेली प्रतिक्रिया लांबलचक होती आणि जरा चिडून लिहिलेली होती, म्हणून उत्तरपण लांबच देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जॉइंटर (फळीची कड सरळ करायचं मशीन, कटरच्या दोन बाजूंना दोन टेबलं असलेलं) सेट करायला ॲल्युमिनियमची लेव्हल (गवंडी वापरतात ती पातळी बघायची पट्टी) चालते असं सांगून मी नवशिक्यांना खड्ड्यात घालतोय, दोन लेव्हल एकमेकींना टेकवून मधून उजेड बघायची माझी टेस्ट चुकीची आहे, ॲल्युमिनियम उन्हाने वाकतं, आणि सर्टिफिकेटवाली पोलादी स्ट्रेटएज (सरळपणा तपासायची अचूक पट्टी) परवडत नसेल तर मशीनला हातच लावू नये.

टेस्टबद्दल तुम्ही बरोबर आहात, तिथे मी माती खाल्ली. एकीच्या कडेला मध्ये खोलगटपणा आणि दुसरीला नेमका तेवढाच फुगवटा असेल तर दोघी अशा बसतात की केससुद्धा जाणार नाही, आणि सरळ त्यातली एकही नसते. तिसरी हवीच. अ ला ब, अ ला क, मग ब ला क, आणि तिन्ही जोड्यांत उजेड नाही तरच तिघी सरळ. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० मध्ये सपाट पृष्ठभाग बनवायची जी पद्धत मांडली तिच्यात पण हाच तिघांचा हिशोब आहे. तिसरी नसेल तर प्लायवर तपासायची ती पट्टी ठेवून धारदार चाकूने रेघ मारा, पट्टी पलटून तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने त्याच दोन टोकांना लावा आणि परत रेघ मारा, जेवढा बाक असेल त्याच्या दुप्पट फट मध्ये दिसेल. पेन्सिल नको, तिची रेघच आपण शोधतोय त्या चुकीपेक्षा जाड असते.

उन्हाचं अर्धं खरं. ॲल्युमिनियम १ डिग्रीला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२ च्या आसपास, पण पट्टी सगळीकडून सारखी तापली तर फक्त लांबी वाढते, सरळपणा कुठे जात नाही. घोळ होतो तो एक कड गरम आणि दुसरी गार असली की. ५० मिमी उंच, १ मीटर लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीत वरच्या-खालच्या कडेत १ डिग्रीचा फरक पडला तरी ०.०५ मिमीच्या वर बाक येतो. पोलादात त्याच्या निम्मा येतो, म्हणजे येतोच! तेव्हा खिडकीतल्या उन्हातून उचलून लगेच जॉइंटरच्या टेबलावर टेकवायची नाही, मग ती कसलीही असो. आणि पोलाद म्हणजे वाकत नाही असंही नाही, ५० बाय ६ मिमीची १ मीटर पट्टी फक्त दोन टोकांवर आडवी टेकवा, स्वतःच्याच वजनाने मध्ये दीड मिमीच्या वर झोल देते, तीच उभी धरली की जेमतेम ०.०२५. हे सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेलं नसतं.

पण शेवटचा मुद्दा मला पटत नाही. जॉइंटरची दोन्ही टेबलं एका पातळीत आहेत का हे बघताना चूक किती यापेक्षा चूक कुठल्या बाजूला हे जास्त महत्त्वाचं. टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकली असतील तर फळीची कड मध्ये खोलगट निघते, टोकं वर असतील तर मध्ये फुगते. थोडी खोलगट चालते, क्लॅम्प लावला की मिटते, काही कारागीर तर मुद्दाम तशी ठेवतात, पण फुगलेली कड टोकाला उघडते आणि तिला ग्लू पण वाचवत नाही. एवढं ओळखायला ०.०५ मिमीचं फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या संचातलं) पातं आणि तपासून घेतलेली लेव्हल पुरते, फक्त तिची कड मशीनवर घासून सपाट केलेली असावी, रंग दिलेली नको.

नंतर त्याच जॉइंटरवरून दोन फळ्या काढा आणि कडा एकमेकींना लावून उजेडासमोर धरा. इथे फसवणूक होत नाही कारण दोन्ही कडांवर एकाच मशीनची एकच चूक आहे, ती एकमेकीत लपत नाही, दुप्पट होऊन समोर येते. मी बावळटासारखी हीच टेस्ट उचलून वेगवेगळ्या दोन लेव्हलना लावली होती. तो परिच्छेद आजच बदलतोय, ॲल्युमिनियम मात्र तसंच राहील.

आणि तुमच्या जॉइंटरवर ०.१ मिमीची फट आली म्हणालात, ती टेबलाच्या बाहेरच्या टोकाला की कटरजवळ, ते लिहिलंच नाहीत.