सुभेदार साहेबांना उत्तर: कोर्ट मार्शलच्या आधी नाव हवं

सुभेदार साहेब, नमस्कार.

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पुरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही कामठीहून लिहिलंत, "नोटीस, खुलासा, चौकशी, हे लाड कशाला? पहाऱ्यावर झोपलेल्या जवानाला आम्ही सोडत नाही. बाबू लोकांनाही कोर्ट मार्शल लावा, सरळ होतील." तुमचा राग मला पटतो. 23 सप्टेंबर 2023 ला लोकांच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा मदतीला लष्कराच्या तुकड्या उतराव्या लागल्या. पण तुम्ही सुचवलेला उपाय मला मान्य नाही.

पहाऱ्यावर झोपल्यास आर्मी अ‍ॅक्ट, 1950 च्या कलम 36 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे युद्धाच्या किंवा मोहिमेच्या ड्यूटीवर, असताना 14 वर्षांपर्यंत. तरी तिथेही थेट शिक्षा होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आर्मी रूल्सचा नियम 22 आरोपीला कमांडिंग ऑफिसरसमोर साक्षीदारांची उलटतपासणी करू देतो. म्हणजे चौकशी तुमच्याकडेही आहेच. मला मोठा वाटतो तो फरक वेगळा आहे. पहारेकरी कोण, ड्यूटी कितीपासून कितीपर्यंत, चार्ज कोणाकडून घेतला, गार्ड कमांडर कोण, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे कोण झोपला यावर वाद होत नाही.

सरकारी कार्यालयासाठी कायदा नाही असं नाही. आपण ज्याला दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतो, त्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमाचं कलम 10 सांगतं की, कोणाही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. मुद्दाम उशीर केला तर ती कर्तव्यात कसूर, आणि शिस्तभंगाची कारवाई. आता फाईल कशी फिरते ते बघा. सहाव्या दिवशी साहेब समासात हिरव्या शाईने लिहितात, "चर्चा करावी." फाईल खाली येते. खालचा लिपिक चर्चेला जातो, साहेब दौऱ्यावर. मग "विधी शाखेचे अभिप्राय घ्यावेत." प्रत्येक टेबलावर सात दिवसांच्या आत काम झालेलं दिसतं आणि अर्जदाराचे मात्र पाच महिने जातात. एकूण निर्णयाला त्याच कलमात 45 दिवसांची मुदत आहे, दुसऱ्या विभागाकडे पाठवायचं असल्यास तीन महिन्यांची. पण ती मुदत विभागावर आहे. विभागाला कोणी निलंबित करत नाही, साहेब! पळवाट नेमकी इथे आहे.

अंबाझरीचंही तेच. पालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), मेट्रो बांधणारी महामेट्रो, सगळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उत्तरं देत राहिले. त्या रात्री तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर जातं त्या सांडव्यावर लक्ष ठेवायची ड्यूटी कोणाची होती, हा माझ्या लेखातला प्रश्न होता आणि तो मी सोडणार नाही.

आणखी एक गोष्ट, तुमचा पूर्ण मान राखून. कडक कायदा वरपर्यंत पोचतोच असं लष्करातही दिसलेलं नाही. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर लष्करप्रमुख जनरल थापर यांनी राजीनामा दिला आणि पुढे ते अफगाणिस्तानात राजदूत झाले. त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजवर जाहीर केलेला नाही. उद्या कार्यालयांत कोर्ट मार्शल आणलंत तर आधी तलाठी आणि लिपिक आत जातील. "चर्चा करावी" लिहिणारा तिथेच राहील. म्हणून मी चौकशीचा आग्रह धरतो, आणि ती वरच्या सहीपासून सुरू व्हावी असं म्हणतो.

शेवटी तुम्ही शेताच्या हद्दीची फाईल एका कार्यालयात अडकल्याचं लिहिलंय. माहिती अधिकारात त्या फाईलच्या टिपणीच्या सगळ्या पानांच्या प्रती मागा. कोणत्या तारखेला ती कोणाकडे होती, हेही विचारा. विनाकारण माहिती दडवली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. ती पानं हातात आली की, ज्याच्याकडे फाईल सर्वात जास्त दिवस पडून होती त्याचं नाव आणि हुद्दा लिहून, दप्तरदिरंगाईच्या कायद्यातल्या कलम 10 चा उल्लेख करून त्याच्या वरिष्ठाकडे तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. तक्रारीचा मसुदा लागला तर इथेच सांगा, मी करून देतो.