इंजेक्टर उतरवण्याआधी होज वाकवून बघा

"इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या इंजेक्शनवाल्या गाडीचे इंजेक्टर चोक होतात, म्हणून गाडी आयडलला थरथरते आणि फटाके मारते. टाकीत क्लीनरची बाटली ओता, आयडलचा स्क्रू अर्धा फेरा वाढवा." जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हा निरोप फिरतोय. पालिओ १.६ किंवा जुनी व्हीटेक सिटी जिवापाड जपणारी माणसं त्यावर पैसे घालवतात आणि खरा दोष तसाच राहतो.

इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी) चोक झाला तर गाडी लोडवर, चढावरही दमते. आयडलला (इंजिन चालू, पेडलवर पाय नाही) थरथरणारी गाडी २००० आरपीएमला साफ चालत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर घ्या. आयडलला इंजिन इतकी कमी हवा ओढतं की छोट्या भेगेतून आलेली हवाही मोठा हिस्सा ठरते. एअर-मास सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत ही हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मॅप सेन्सरच्या (इनटेकमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या) गाडीत मात्र आयडल उलट चढतं किंवा वरखाली होतं.

मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल! थ्रॉटल बॉडीमागचं (हवेची झडप असते तिथलं) रबरी कोपर आणि पीसीव्हीचा होज (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारी नळी) वरून काळे, धडधाकट दिसतात. अंगठ्यानं वाकवा, खालच्या बाजूची भेग तोंडासारखी उघडते. मग इंजिन चालू ठेवून ब्रेक बूस्टरसकट एकेक होज पकडीनं हळूच दाबा. ज्यानं आयडल सुधारलं, तो बदला. धुराची टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर उत्तमच. तापल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते.

इथेनॉलचा दोष शून्य नाही. ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं आणि जुनं रबर त्यानं खराब होतं. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीएम (इंजिनचा संगणक) एवढं भरून काढतो. गळतीपायी आधीच भर घालत असलेल्या गाडीची मर्यादा मात्र तिथे संपते.

फटाका कुठून येतो हे आधी ऐका. इनटेकमधून आला तर पातळ मिश्रण, टायमिंग बेल्टचा दात सरकलेला किंवा प्लगच्या वायरी अदलाबदल झालेल्या (चार सिलिंडरला ठिणगीचा क्रम बहुतेक १-३-४-२). सायलेन्सरमधून आला तर बहुधा मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही: न जळालेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतं. फसवणूकही इथेच होते. मिसिंग सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीएम आणखी पेट्रोल ओततो. म्हणून काळा प्लग म्हणजे इंजेक्टर गळतो असं नव्हे. अंधारात प्लगच्या वायरींवर, हात लांब ठेवून, पाण्याचा बारीक फवारा मारा. फुटलेली वायर ठिणगी दाखवते.

निरोपातल्या त्या आयडलच्या स्क्रूला हातच लावू नका. तो थ्रॉटलचा स्टॉप आहे. तो सरकला की थ्रॉटल सेन्सरचा बंद स्थितीतला व्होल्टेज (अनेक गाड्यांत ०.५ च्या आसपास) वाढतो आणि पाय पेडलवरून उचललेला आहे हेच ईसीएमला कळत नाही. त्याऐवजी आयडल व्हॉल्व्हचा कार्बन काढा.

"चेक इंजिन लाइट नाही, म्हणजे सेन्सर ठीक" हेही चूक. कूलंट सेन्सरचा (इंजिनचं पाणी किती तापलं ते सांगणाऱ्या) रेझिस्टन्स साधारण २० अंशाला २५०० ओहम, ८० अंशाला ३०० च्या आसपास असतो. तापलेल्या इंजिनवर २००० दिसला, तर ईसीएम थंड इंजिन समजून पेट्रोल ओतत राहतो. आकडा त्याच्या मर्यादेत बसतो, म्हणून लाइट लागत नाही.

फ्युएल रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या) व्हॅक्यूम होज काढून बघा. आत पेट्रोल ओलं लागलं तर डायफ्राम फाटलेला. नसेल तर व्हॅक्यूम गेज लावा: आयडलला ४३० ते ५५० मिमी पारा, काटा स्थिर. ठरावीक तालात हलला तर एखादा व्हॉल्व्ह, कमी पण स्थिर असेल तर टायमिंग तपासा.

एवढं सगळं चोख निघालं तरच इंजेक्टर काढून बेंचवर चारही नळ्यांत एकाच वेळात किती पेट्रोल पडतं ते मोजा. बसवताना ओ-रिंग नव्याच घ्या, त्यांना इंजिन ऑइलचा हलका हात लावा. कडक झालेली जुनी ओ-रिंग तिथूनही हवा ओढते.